परखी

टायर रिमोल्डिंगच्या दुकानावर अभ्यासिका.
महिना सहाशे, पंख्याखाली सातशे.
मी सहाशेवाली. एकतीस नंबर, भिंतीकडची.
दुपारी खालून जळक्या रबराचा वास निघतो
आणि बरोबर एकतीसपर्यंत येऊन थांबतो.

आजूबाजूला सगळी अकरावी-बारावीची लेकरं,
कानात बोळे, पुढ्यात बेडकाचं हृदय.
त्यांच्यासाठी लातुरात गल्लोगल्ली क्लास,
चौकाचौकात पहिल्या आलेल्यांचे हसरे फ्लेक्स.
माझ्या परीक्षेचं नाव घेतलं
तर झेरॉक्सवाला दोनदा विचारतो.
संख्याशास्त्र. एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा.
"म्हणजे नोकरी लागते का?"
मी म्हणते, आधी स्पायरल घट्ट मारा.

पुस्तक कुणा आर. व्ही. ढगे यांचं,
म्हणजे त्यांच्या झेरॉक्सची झेरॉक्स.
समासात त्यांची पेन्सिल:
हे येणारच. हे सोडून दे. आज ताप.
दोनशे तेरावं पान नाही.
ढगे पास झाले का, तेही नाही.

गेल्या वर्षी तेरा ठिकाणी अंदाज मारला.
तेरा पाव, सव्वातीन.
तेवढ्यानंच गेली.
बरोबर तर एक, चूक तर पाव वजा,
गप्प बसलं तर शून्य.
मोठी मावशी विचारते, आता किती दिवस शिकणार?
मी शून्य घेते.

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात.
डोळे बांधून सोडलेला माणूस
घराच्या रस्त्याला लागायची शक्यता किती?
पुस्तकाप्रमाणे सोळात एक.
पण एका रस्त्यावर तळणाचा वास आहे,
एकावर बांगड्यांची किणकिण,
सगळे सारखे धरायचे कसे?
ढगे म्हणतात: धर.

अण्णा मार्केट यार्डात मापाडी.
मोजताना एक म्हणत नाहीत.
पहिल्या मापाला लाभ, मग दोन, तीन.
आता काटा इलेक्ट्रॉनिक,
आकडा आपोआप लाल उजळतो,
ओठ तरी हलतात.
पहिलीत मी उभी राहून मोजलं: लाभ, दोन, तीन.
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत,
त्यांनी एक लिहून दाखवला,
काठीसारखा, ताठ.

परवा रात्री लाईट गेली.
अण्णांनी अंधारातच विचारलं, "काय वाचलालीस गं?"
म्हटलं, नमुना. थोडं बघून
सगळ्याचा अंदाज बांधायचा.
ते उठले. खुंटीवरची परखी काढून
माझ्या हातात दिली.
खोबणीत तुरीची धूळ, मूठ गुळगुळीत.
"वरून खुपसायची न्हाई.
वर चांगला माल ठिवतेत लोकं.
बगलंतून घाल, मधात घाल, बुडात घाल.
तिन्हीकडं सारखं निघालं तरच भाव बोल."

जे ढगे अडीच पानं खोडत बसले होते
ते मोबाईलच्या उजेडात दोन मिनिटांत झालं.
मी विचारलं, आन् एकाच पोत्यावरून?
"एका पोत्यावरून कोण सौदा करतंय?"
म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.
गेल्या वर्षाबद्दल बोलले
की तुरीबद्दल, ठाऊक नाही.

उद्या सोलापूर. पहाटेची गाडी.
हॉल तिकिटावरचा माझा फोटो
दुसऱ्याच कुणाच्या लग्नातला, कापून लावलेला,
खांद्यावर तिच्या शालूची कड तेवढी राहिलीय.

आज शेवटचं काम म्हणून
दोनशे बारा आणि दोनशे चौदाच्या मधे
एक कोरा कागद अडकवला.
त्यावर परखी काढली. नीट जमली नाही,
चमच्यासारखी दिसते.
खाली लिहिलं: वरून खुपसू नये.
माझ्या झेरॉक्सची झेरॉक्स ज्याला मिळेल
त्याला कळेल, नाही कळणार.

तीस नंबरचं पोरगं हृदयावर गाल टेकून झोपलंय.
लाळ झडपेपर्यंत आलीय.
मी त्याच्या वहीखालून माझी पेन्सिल ओढते,
ते डोळे न उघडता विचारतं,
"ताई, किती वाजले?"